एका डब्यात आठ डेस्कटॉप : छोट्या ऑफिससाठी व्हर्च्युअल मशीन, पायरी पायरीने

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, संपला. आमच्या करसल्लागाराच्या ऑफिसात आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा विंडोज ११ च्या परीक्षेत नापास. कुणाकडे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, कुणाचा प्रोसेसर यादीत बसत नाही. नवीन आठ मशीनचं कोटेशन आलं तेव्हा आमच्या सरांनी ते वाचून टेबलावर उलटं ठेवलं आणि म्हणाले, "दुसरं काहीतरी बघ." मी तिथे हिशेब लिहितो. फक्त वायर कुठली कुठे जाते हे मला कळतं, म्हणून कॉम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात.

ते 'दुसरं काहीतरी' म्हणजे एकच दणकट मशीन घ्यायचं, त्यात आठ डेस्कटॉप चालवायचे आणि जुने कॉम्प्युटर त्यात डोकवायच्या खिडक्या म्हणून वापरायचे. अडीच महिने लागले. त्यातला दीड महिना स्वतःच केलेल्या चुका निस्तरण्यात गेला. तो तुमचा वाचावा म्हणून हे लिहितोय.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर. त्याला वाटतं की आपल्याकडे स्वतःची डिस्क, स्वतःची रॅम आहे. प्रत्यक्षात ते सगळं खालचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम, वाटून देतो. त्यासाठी मी प्रॉक्समॉक्स घेतलं. ते डेबियन लिनक्सवर उभं आहे, आतला केव्हीएम, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं इंजिन, २००७ पासून लिनक्सच्या कर्नलचाच भाग आहे आणि सबस्क्रिप्शन न घेताही सगळ्या सोयी मिळतात. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही याच कामाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतल्यावर तिथले कायमस्वरूपी परवाने बंद झाले, त्यामुळे छोट्या ऑफिसने आज नव्याने त्या वाटेला जावं असं मला वाटत नाही. घरच्या लॅपटॉपवर एखादी व्हीएम चालवून बघायची असेल तर व्हर्च्युअलबॉक्स पुरे, हा लेख त्यासाठी नाही.

सुरुवातीला जवळ काय हवं

- व्हर्च्युअलायझेशनची सोय असलेला प्रोसेसर (आमचा ८ कोर, १६ थ्रेडचा), ६४ जीबी रॅम
- सारख्या आकाराच्या दोन एसएसडी; बॅकअपसाठी वेगळी, मशीनबाहेरची डिस्क
- निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह
- प्रॉक्समॉक्स, विंडोज आणि व्हर्टआयओ (व्हीएमच्या डिस्क-नेटवर्कचे) ड्रायव्हर यांच्या आयएसओ फाइल, म्हणजे एका फाइलमधल्या सीडी
- गिगाबिट स्विच आणि नेटवर्कच्या वायरी
- यूएसबी केबलने मशीनशी बोलणारा यूपीएस
- परवान्यांची बिलं आणि कागद, एका फाइलमध्ये
- एक वही. कुठल्या व्हीएमला कुठला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), हे डोक्यात राहत नाही.

१. आधी आठवडाभर मोजा

खरेदीआधी प्रत्येक कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर उघडून भर कामाच्या वेळी रॅम किती भरते ते लिहून काढा. आमच्याकडे आठपैकी तिघांचं काम फक्त ब्राउझर, ईमेल आणि एक्सेलसारखे तक्ते एवढंच निघालं. विंडोजची खरी गरज पाच जणांना होती : टॅली, प्राप्तिकराच्या युटिलिटी, डिजिटल सही. उरलेल्या तिघांना लिनक्सचा डेस्कटॉप दिला. दोन दिवस कुरकुर झाली, मग थांबली. पाच परवाने आणि आठ परवाने यातला फरक सरांना न सांगता कळला.

२. परवाना : इथेच लोक मान वळवतात

जुन्या पीसीबरोबर आलेलं विंडोज त्या पीसीलाच बांधलेलं असतं. त्याची की उचलून व्हीएममध्ये टाकली आणि ती चालली, तरी ते नियमात बसत नाही. विंडोजचा डेस्कटॉप सर्व्हरवर ठेवून दुसऱ्या यंत्रावरून वापरायचा असेल तर मायक्रोसॉफ्टचा त्यासाठीचा वेगळा हक्क लागतो. व्हीडीए या नावाने विचारा. दुसरी वाट म्हणजे विंडोज सर्व्हर घेऊन सगळ्यांनी त्याच एका सर्व्हरवर आपापलं सेशन उघडायचं. त्यासाठी दर माणशी किंवा दर यंत्रामागे आरडीएस कॅल (असं सेशन उघडायचे परवाने) लागतात.

यातला सापळा असा, की आरडीएस कॅल न टाकताही १२० दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एका सकाळी कुणालाच आत जाता येत नाही. विक्रेत्याने 'बसवून दिलं' म्हणून निर्धास्त राहू नका. कुठला परवाना, किती नग, कुणाच्या नावावर, हे त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. आमच्या पहिल्या विक्रेत्याने लिहून द्यायला टाळाटाळ केली. आम्ही विक्रेता बदलला.

३. बायोस आणि प्रॉक्समॉक्स

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसर इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम मोड सुरू करा. बऱ्याच मदरबोर्डवर तो बंदच येतो. तिथेच 'वीज परत आल्यावर काय करायचं' या अर्थाचं एक सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑन' करून ठेवा.

इन्स्टॉलर दहा मिनिटांचं काम आहे. डिस्कच्या पानावर मात्र घाई करू नका. मी पहिल्यांदा नुसतं 'नेक्स्ट' दाबत गेलो आणि सगळं एकाच एसएसडीवर बसलं, दुसरी नुसती शोभेला. 'झेडएफएस रेड १' (झेडएफएस ही डिस्कवर डेटा मांडायची एक पद्धत) निवडलं की दोन्ही डिस्कवर तोच डेटा राहतो आणि एक मेली तरी ऑफिस चालू राहतं. हे नंतर बदलता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं. मी बसवलं.

इन्स्टॉल झालं की दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये त्या मशीनचा आयपी आणि पुढे ८००६ हा पोर्ट टाका. ब्राउझर सर्टिफिकेटवरून ओरडेल, ते अपेक्षितच आहे. अपडेट करायला गेलात तर ४०१ चा एरर येईल, कारण मूळ रिपॉझिटरी (जिथून अपडेट येतात ती जागा) सबस्क्रिप्शनवाल्यांची असते. रिपॉझिटरीच्या पानावर ती बंद करून 'नो-सबस्क्रिप्शन' जोडा.

आणि हे मशीन वायरनेच जोडा. व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा प्रॉक्समॉक्सचा ब्रिज वायफायवर नीट चालत नाही, त्यात संध्याकाळ घालवू नका.

४. पहिली विंडोज व्हीएम

नवीन व्हीएम बनवताना प्रॉक्समॉक्स विचारतं ते पर्याय असे निवडा : मशीन क्यू३५, बायोस यूईएफआय, टीपीएम २.०, स्कझी कंट्रोलर 'व्हर्टआयओ स्कझी सिंगल', नेटवर्क कार्ड व्हर्टआयओ. डिस्कपुढे 'डिस्कार्ड', 'एसएसडी इम्युलेशन' आणि 'आयओ थ्रेड' यांच्यावर टिक. डिस्कार्ड का, ते सातव्या पायरीत सांगतो.

विंडोजचा इन्स्टॉलर सुरू झाला की पहिला धक्का बसतो : 'डिस्क सापडत नाही'. घाबरून डिस्कचा प्रकार 'साटा' करू नका. चालेल, पण तो संथपणा पदरी पडेल. व्हर्टआयओची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडा, 'लोड ड्रायव्हर' दाबा आणि 'व्हीआयओ-स्कझी' फोल्डरमधला तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर निवडा. डिस्क दिसेल. विंडोज उभं राहिल्यावर त्याच आयएसओमधून बाकीचे ड्रायव्हर आणि गेस्ट एजंट (आतून प्रॉक्समॉक्सशी बोलणारा छोटा प्रोग्राम) बसवा, आणि प्रॉक्समॉक्सकडेही त्या व्हीएमच्या 'ऑप्शन्स'मध्ये एजंट चालू करा. प्रॉक्समॉक्सकडे चालू केलं आणि विंडोजमध्ये बसवायचं राहिलं, तर व्हीएम नीट बंद होत नाही.

प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' ठेवला की व्हीएमला खऱ्या प्रोसेसरचे सगळे गुण मिळतात. पण विंडोज ११ त्याचाच फायदा घेऊन 'मेमरी इंटिग्रिटी'सारखी सुरक्षा चालू करतं, आणि व्हीएमच्या आत ती जड पडू शकते. एक दिवस 'होस्ट'वर, एक दिवस मूळ पर्यायावर चालवून बघा आणि ठरवा.

ब्राउझरमधल्या कन्सोलवरून वेगाचा अंदाज बांधू नका. तो फक्त दुरुस्तीपुरता आहे. मी त्यावरूनच 'हे काही जमायचं नाही' असं सरांना सांगून बसलो होतो.

५. साचा करा, मग प्रती काढा

एक व्हीएम नीट सजवा : अपडेट, पीडीएफ रीडर, ब्राउझर, फॉन्ट, प्रिंटर. मग विंडोजचं सिसप्रेप (मशीनची स्वतःची ओळख पुसणारं साधन) चालवून ती बंद करा आणि 'टेम्प्लेट' करा. सिसप्रेप टाळलं तर सगळ्या प्रती एकाच ओळखीच्या निघतात आणि पुढे नेटवर्कमध्ये गोंधळ होतो. सिसप्रेप अडलं तर बहुधा स्टोअरमधल्या एखाद्या ॲपने परस्पर स्वतःला अपडेट केलेलं असतं. म्हणून साचा बनवताना अपडेट झाले की नेटवर्क तोडून ठेवा.

प्रती काढताना 'लिंक्ड क्लोन' पटकन होतो, जागाही कमी घेतो, पण तो मूळ साच्यावर टेकून असतो. रोजच्या कामाच्या डेस्कटॉपसाठी मी 'फुल क्लोन' घेतले.

६. कुणाला किती द्यायचं

नवीन माणूस एकच चूक करतो : भरभरून देतो. मीही प्रत्येकाला ६ कोर दिले होते. आठ व्हीएम, ४८ कोर, आणि खाली १६ थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी १६ च कामं. सगळ्यांनी एकदम काम काढलं की प्रत्येक व्हीएम आपल्या पाळीची वाट बघत राहते. टॅलीमध्ये एंटर दाबला की व्हाउचर अर्ध्या सेकंदाने उमटायचं. पंख्याखाली बसून, स्क्रीनकडे बघत, दर एंटरला एक सुस्कारा. कोर कमी करून २ केले आणि ती तक्रार त्याच दिवशी थांबली. ऑफिसकामाला २ कोर पुरतात. ज्याच्याकडे मोठमोठे तक्ते असतात त्या एकालाच ४ दिले.

रॅमचा हिशेब कागदावर मांडा. ६४ जीबीमधून झेडएफएस आपल्या कॅशसाठी काही घेतं. नव्या प्रॉक्समॉक्समध्ये ही मर्यादा बसवतानाच एकूण रॅमच्या १० टक्के ठरते, जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ती निम्म्यापर्यंत जायची, तेव्हा तपासा. प्रॉक्समॉक्सला स्वतःला दोन-तीन जीबी सोडा. पाच विंडोजना ६ प्रमाणे ३० आणि तीन लिनक्सना ४ प्रमाणे १२, झाले ४२. उरलेली तशीच राहू द्या. साचा दुरुस्त करताना, बॅकअप तपासताना ती लागते.

बलूनिंग नावाची सोय आहे. मशीनची रॅम ८० टक्क्यांच्या वर गेली की व्हीएमकडून न वापरलेली रॅम परत मागितली जाते. चालू ठेवा, पण तिच्या भरवशावर जास्तीची वाटणी करू नका.

७. डिस्क : संथपणा बहुतेक वेळा इथेच असतो

७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क सेकंदाला इकडच्या-तिकडच्या साधारण १०० नोंदी वाचू शकते. एका माणसाला ते कसंबसं चालतं. सकाळी दहाला आठ डेस्कटॉप एकदम उठले की प्रत्येकाच्या वाट्याला बारा येतात. म्हणून व्हीएम हार्ड डिस्कवर ठेवू नका, जुनी पडून असली तरी. एसएसडी घेतानाही सगळ्यात स्वस्त नको. क्यूएलसी प्रकारच्या डिस्क पहिले काही जीबी झरझर लिहितात आणि आतली कॅश भरली की एकदम बसतात. शक्य असेल तर सर्व्हरसाठीची, वीज गेल्यावर सांभाळणारी एसएसडी घ्या. झेडएफएस लिहितंही पुष्कळ, साध्या डिस्क लवकर झिजतात.

सकाळची झुंबड टाळायला प्रत्येक व्हीएमला सुरू होण्याचा क्रम आणि मधली थांबण्याची वेळ देता येते. आमच्याकडे ४० सेकंदांच्या अंतराने एकेक उठते. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅनही असंच वेगवेगळ्या दिवशी लावा. कंपनीकडून येतं तसंच ठेवलं तर सगळ्यांचं एकाच वेळी लागतं.

आता जागेची गोष्ट. 'थिन' डिस्क म्हणजे १०० जीबी द्यायचं कबूल करायचं, पण खरी जागा लागेल तशी द्यायची. माझ्या पहिल्या मांडणीत साधारण ८०० जीबीच्या पूलमधून (सगळ्या व्हीएमच्या सामायिक साठ्यातून) मी ११०० जीबी वाटले होते. एका मंगळवारी सकाळी तीन व्हीएम जागच्या जागी गोठल्या, प्रॉक्समॉक्सवर पिवळं चिन्ह आणि 'आयओ एरर'. पूल शंभर टक्के भरलेला. विंडोजच्या आत मात्र प्रत्येक सी ड्राइव्हला निम्मी जागा मोकळी दिसत होती! विंडोज फाइल पुसतं, पण डिस्कार्ड बंद असेल तर ती जागा खाली परत मिळतच नाही. त्यात तीन महिन्यांचे, मीच घेऊन विसरलेले स्नॅपशॉट (व्हीएमची त्या त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती). ते पुसले, डिस्कार्ड चालू केलं, विंडोजमधलं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह' एकदा फिरवलं आणि दोनशेच्या वर जीबी परत आले. तेव्हापासून नियम : पूल ८० टक्क्यांवर गेला की काहीतरी पुसायचं किंवा डिस्क घ्यायची, आणि स्नॅपशॉट आठवड्यापेक्षा जुना ठेवायचा नाही.

व्हीएम हळू वाटली की आधी प्रॉक्समॉक्सच्या पहिल्या पानावरचा 'आयओ डिले' (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) बघा. तो सतत वर असेल तर रॅम-कोर वाढवून उपयोग नाही, डिस्कच अडते आहे. आणि 'राइट बॅक अनसेफ' या कॅशला भुलू नका. वेग येतो, पण एकदा वीज गेली की फाइलसिस्टिम जाते. नावातच सांगितलंय.

८. टेबलावरचं यंत्र आणि मराठी टायपिंग

जुन्या कॉम्प्युटरवर हलकं लिनक्स आणि रेमिना हा आरडीपीचा (दुसरीकडच्या विंडोजचा पडदा इथे आणून वापरण्याच्या सोयीचा) प्रोग्राम टाका. ४ जीबी रॅम भरपूर.

विंडोज व्हीएमच्या 'पॉवर'मध्ये 'स्लीप' कायमचं बंद करा. हे राहिलं तर लोक चहाला जाऊन येतात आणि डेस्कटॉप गायब. पहिल्या सोमवारी मला यासाठी सात हाका आल्या. शोभेची ॲनिमेशन, बदलते वॉलपेपर, स्क्रीनसेव्हरही बंद करा, कारण त्यातलं प्रत्येक चित्र नेटवर्कवरून धावतं.

मराठी टाइप करताना अक्षरं दुप्पट किंवा भलतीच उमटू लागली तर दोष बहुधा असा : समोरच्या लिनक्सवरही मराठी कीबोर्ड चालू, आतल्या विंडोजमध्येही चालू. समोरचं यंत्र कायम इंग्रजीवर ठेवा, मराठी इनस्क्रिप्ट फक्त व्हीएमच्या आत. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचा हार्डवेअर लॉक असेल तर तो पुढच्या पायरीसारखाच यूएसबीने व्हीएमला जोडावा लागेल.

आणि ३३८९ हा आरडीपीचा पोर्ट राउटरमधून इंटरनेटला उघडू नका, 'फक्त शनिवार-रविवारपुरता' म्हणूनही नाही. घरून काम हवं असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन लावा.

९. डिजिटल सहीचं टोकन

यावर मला कुठेच सरळ उत्तर मिळालं नव्हतं. १९ तारीख, संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची मुदत. टोकन (डिजिटल सही ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा तुकडा) सर्व्हरला लावलं, प्रॉक्समॉक्समधून व्हीएमला जोडलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते नीट दिसतंय, आणि सहीचा प्रोग्राम म्हणतोय 'टोकन नाही'. ड्रायव्हर तीनदा टाकला.

कारण ड्रायव्हर नव्हताच. आरडीपीने आत गेलं की विंडोज स्मार्ट कार्ड (टोकनलाही ते स्मार्ट कार्डच समजतं) तुमच्या समोरच्या यंत्रावर शोधतं. व्हीएमला थेट जोडलेलं कार्ड त्या सेशनला दिसत नाही. त्यातून वाटा दोन. एक, टोकन समोरच्या यंत्रात लावा, रेमिनामध्ये स्मार्ट कार्ड शेअर करा आणि त्या लिनक्सवर पीसीएससीडी ही सेवा चालू ठेवा. काही टोकन असे ओळखले जातात, काही नाही. दुसरी, टोकन व्हीएमलाच जोडा, पण सही करताना आरडीपीऐवजी स्पाइस कन्सोलने (थेट व्हीएमचा पडदा दाखवणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या सोयीने) आत जा. आम्ही सहीसाठी एक वेगळी व्हीएमच ठेवली आहे, ती नेहमी स्पाइसनेच उघडते.

आणखी एक : यूएसबी जोडताना प्रॉक्समॉक्स विचारतं, उपकरणाच्या क्रमांकावरून की पोर्टवरून. पोर्ट निवडा. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या सगळ्या टोकनांचा तो क्रमांक सारखाच असतो, मग कुठल्या पक्षकाराचं टोकन कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही. पोर्टवर चिकटपट्टी लावून नंबर लिहा.

१०. बॅकअप

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. रोज रात्रीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि आठवड्यातून एक प्रत ऑफिसच्या बाहेर. दुसरं एखादं जुनं मशीन पडून असेल तर त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाका. तो सारखा डेटा एकदाच साठवतो, त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या विंडोजना फार कमी जागा लागते.

महिन्यातून एकदा एक बॅकअप नव्या क्रमांकाने परत उभा करून बघा. सुरू करण्याआधी त्याचं नेटवर्क कार्ड तोडा, नाहीतर एकाच नावाचे, एकाच आयपीचे दोन डेस्कटॉप भांडू लागतात.

११. वीज

पूर्वी वीज गेली की ज्याचं मशीन त्याचं काम जायचं. आता आठ जणांचं जातं. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला लावा, त्यावर नट नावाची, यूपीएसवर लक्ष ठेवणारी सेवा बसवा आणि बॅटरी ठरावीक टक्क्यांवर आली की सगळं आपोआप बंद होऊ द्या. प्रॉक्समॉक्स एखाद्या व्हीएमला बंद व्हायला १८० सेकंद देतं. त्याच वेळी विंडोज अपडेट टाकत बसलं तर ते अपुरे पडतात, म्हणून अपडेट मी फक्त शुक्रवारी संध्याकाळी, समोर बसून होऊ देतो. नेटवर्कचा स्विचही यूपीएसवरच घ्या. आमचा पहिले दोन महिने भिंतीतल्या साध्या सॉकेटवर होता : सर्व्हर जिवंत, आणि एकालाही त्यात शिरता येत नव्हतं.

तपासणी शनिवारी दुपारी करा, सगळे घरी गेल्यावर. मेन स्विच खाली ओढा आणि हातात घड्याळ घेऊन बसा. आमचा यूपीएस दुकानदाराने अर्ध्या तासाचा म्हणून दिला होता. अकराव्या मिनिटाला तो चिरकायला लागला, म्हणून आता सर्व्हरला बंद होण्याचा हुकूम पाचव्या मिनिटालाच जातो.